सहारला उतरलेलं सामान

१९७९च्या सप्टेंबरात सांताक्रूझ विमानतळाच्या इमारतीला मोठी आग लागली. तीन जणांचा जीव गेला आणि टर्मिनल वापरण्याजोगं उरलं नाही. विमानं मात्र थांबवता येत नव्हती. ऑक्टोबरात प्रवाशांना बाहेर पाठवण्याची एक तात्पुरती सोय उभी राहिली आणि तिला नाव पडलं ‘गल्फ टर्मिनल’. लंडन नाही, न्यूयॉर्क नाही, गल्फ. मुंबईच्या उपनगरातल्या त्या धावपट्टीवर त्या काळी कोणाची गर्दी होती, हे एवढ्या एका नावातून कळतं.

जाणाऱ्यांची गर्दी सगळ्यांना दिसायची. हार, नारळ, आईने लावलेलं कुंकू, भाड्याच्या मॅटाडोरमधून आलेले वीस नातेवाईक, शेवटचा फोटो. जाण्याला सोहळा होता. परत येण्यालाही होता, पण तो विमान उतरल्यावर. या दोन सोहळ्यांच्या मधला एक काळ कोणीच पाहिलेला नसतो: परदेशातले शेवटचे काही आठवडे. तिकिटाची तारीख ठरलेली असते, कामावरचा हिशेब व्हायचा असतो, खोलीतली भांडी कोणाला तरी देऊन टाकायची असतात, आणि माणूस एकटा असतो. त्या आठवड्यांची पत्रंही फारशी नसतात. पत्राआधी आपणच घरी पोहोचणार, म्हणून माणसं लिहिणं थांबवतात. मागे राहतं ते सामान. काय आणलं, काय टाकून दिलं, काय वाटेत गमावलं, यावरूनच तो काळ थोडाफार वाचता येतो.

विमानांच्या आधी परतीची वाट समुद्रातून होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी गावं ज्या बेटावर आहेत त्याचं जुनं नाव साष्टी. इंग्रजीत त्याचं साल्सेट झालं. पी अँड ओ कंपनीने १९०८मध्ये याच नावाची एक आगबोट बांधून घेतली. विलायतेहून निघालेली मोठी बोट एडनला लागली की मुंबईची टपाल आणि मुंबईचे प्रवासी उतरवून घ्यायचे आणि झपाट्याने पुढे न्यायचे, हे तिचं काम. म्हणजे परतीच्या प्रवासातला शेवटचा टप्पा ‘साष्टी’वर बसून पार व्हायचा, तोही बेट नजरेला पडण्याच्या कितीतरी आधी. पहिल्या महायुद्धात ही बोट इंग्लंडच्या किनाऱ्याकडे गेली. २० जुलै १९१७ रोजी इंग्लिश खाडीत एका जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडवली.

त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये एक २६ वर्षांचा मराठी विद्यार्थी घरी निघण्याची तयारी करत होता. भीमराव रामजी आंबेडकर. १९१३मध्ये बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६मध्ये लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर राहिला. त्या शेवटच्या दिवसांत त्यांनी जे मिळवलं ते कागदावरचं होतं: प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. न्यूयॉर्कमध्ये असतानाच त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली होती. ती एका परिचिताच्या हवाली करून भारतात पाठवायची ठरवली, पण त्यातली बरीचशी कधी पोहोचलीच नाहीत. लंडनहून निघताना त्यांनी आपलं सामान टॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने रवाना केलं, त्याचा विमाही उतरवला. स्वतः आगगाडीने मार्सेयला गेले आणि तिथून ‘कैसर-इ-हिंद’ या बोटीत बसले. सामानाची बोट टॉर्पेडोने बुडाली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईत आधी आली, तीत कोण होतं हे नंतर कळलं. मधल्या काळात घरच्यांच्या जिवाचं काय झालं असेल याची कल्पना करता येते. तारा गेल्या, तारा आल्या. २१ ऑगस्ट १९१७ रोजी आंबेडकर मुंबईत सुखरूप उतरले.

टॉमस कुकने सामानाच्या नुकसानभरपाईपोटी ६०० रुपये दिले. बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्यासाठी हातात पैसे नव्हते, ते या रकमेतून उभे राहिले. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांवर केलेला तो प्रवास कुठे गेला, हे महाराष्ट्राला माहीत आहे: बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत फायली लांबून टाकल्या गेल्या. परदेशातल्या शेवटच्या आठवड्यांत ज्या माणसाने पुस्तकं बांधली, त्याच्यासमोर घरी परतल्यावर हे वाढून ठेवलं होतं. १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेलं सगळं पुरं केलं. कॅनन यांच्यामार्फत मिळालेला तो परवानगीचा कागद म्हणजे त्या परतीत वाचलेलं सगळ्यात मोलाचं सामान.

त्याआधी जवळजवळ तीस वर्षं, १८८८च्या अखेरीस, पंडिता रमाबाई अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होत्या. आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला त्या १८८६मध्ये फिलाडेल्फियाला आल्या आणि अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. छोटी लेक मनोरमा आता सोबत नव्हती, तिला आधीच परत पाठवलं होतं. रमाबाई एकट्या गावोगाव व्याख्यानं देत फिरत होत्या. बॉस्टनमध्ये डिसेंबर १८८७मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. हे अभिवचन आणि फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीचं शिक्षण, एवढी शिदोरी बांधून त्या सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या.

आल्या त्या वाटेने त्या परतल्या नाहीत. अटलांटिक ओलांडून आल्या होत्या, पॅसिफिक ओलांडून गेल्या. वाटेत जपान, मग हाँगकाँग. मुंबईत फेब्रुवारी १८८९मध्ये पोहोचल्या आणि ११ मार्चला चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पाय ठेवल्यापासून शाळा उघडेपर्यंत जेमतेम सहा आठवडे. एवढ्या थोड्या अवधीत शाळा उभी राहत नाही. ती बोटीवर आणि त्याआधी अमेरिकेतल्या त्या शेवटच्या महिन्यांत मनात उभी राहिली होती. या शाळेत आलेल्या पहिल्या विधवा म्हणजे गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे.

बोटीच्या काळाचं एक देणं आजच्या प्रवाशाला मिळत नाही. मार्सेयहून मुंबई साधारण पंधरा दिवसांची वाट. परदेश एकदम सुटायचा नाही. पोर्ट सैदला हवा बदलायची, सुएझच्या कालव्यात लोकरीचे कपडे पेटीत जायचे, एडनला ओळखीच्या भाषा कानावर पडायच्या. खोली सोडण्याचं दुःख आणि घर दिसण्याचा आनंद यांच्यात अख्खा समुद्र होता. विमानाने तो समुद्र काढून घेतला, आणि त्या पंधरा दिवसांत मन जे काम करायचं ते सगळं भाड्याच्या खोलीत, तिकिटाच्या तारखेआधी उरकावं लागू लागलं. परतीच्या आधीचे आठवडे इतके जड झाले ते विमान आल्यावर.

उपनगरात विमानातून माणसांआधी पत्रं आली. जुहूचं मैदान १९२८पासून विमानांसाठी वापरात होतं. इंपीरियल एअरवेजने १९२९मध्ये लंडन ते कराची टपाल सुरू केली आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे ‘पस मॉथ’ हे छोटं विमान स्वतः उडवत जुहूला उतरले. सोबत प्रवासी नाही, टपालाच्या थैल्या. तेव्हापासून विलायतेत शिकणाऱ्या मुलाचं ‘अमुक बोटीने निघतो’ हे पत्र बोटीच्या पुष्कळ आधी जुहूच्या गवतावर उतरायला लागलं. पावसाळ्यात ते मैदान चिखलाने भरायचं, मग टाटांची विमानं पुण्याला हलायची आणि पत्रं तिथून मुंबईला यायची. मुलाच्या येण्याची वाट बघणाऱ्या घरांना आषाढ-श्रावणात आणखी थोडी कळ काढावी लागे.

माणसं उतरू लागली ती सांताक्रूझला. तिथला तळ इंग्रजांच्या हवाई दलाचा. युद्ध संपल्यावर तो नागरी वाहतुकीकडे आला तेव्हा इमारत कसली ती नव्हतीच. विमानं ठेवायच्या दोन जुन्या हँगरांमध्ये प्रवाशांची सोय केली होती. फाळणीत कराची पलीकडे गेलं आणि तिथून होणारी वाहतूक मुंबईवर आली. पहिल्या वर्षी दिवसाला सहा विमानं हाताळणारा तळ १९४९च्या सुमारास चाळीसपर्यंत गेला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ इथूनच कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला झेपावलं. तिकीट १,७२० रुपयांचं, प्रवासी ३५. पंधरा दिवसांची वाट दीड दिवसावर आली. नवी टर्मिनल इमारत १९५८च्या डिसेंबरात वापरात आली. १९७९मध्ये जळाली ती हीच.

मोठी विमानं आल्यावर सांताक्रूझ अपुरं पडणार हे १९६०च्या दशकातच दिसत होतं. टाटांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या समितीने आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी सहारला वेगळं टर्मिनल बांधायची शिफारस केली आणि १९८१मध्ये त्याचा पहिला भाग सुरू झाला.

सहार हे गाव आहे, हे आज फार थोड्यांना आठवतं. अंधेरी पूर्वेचं ते जुनं गावठाण. मरोळ, चकाला, सहार या गावांतून ईस्ट इंडियन लोकांची वस्ती. धर्माने ख्रिस्ती, बोली मराठी, गल्लीच्या तोंडाशी क्रूस आणि मागे भातशेती. विमानतळ वाढत गेला तशी शेतं गेली आणि गावठाण कुंपणाच्या कडेला उरलं. विमानतळाला १९९९मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, पण रिक्षावाल्याला आजही ‘सहार’ म्हटलं की पुरतं. जगभरातून परतणाऱ्या माणसांच्या तोंडी असलेलं हे नाव एका मराठी बोलणाऱ्या खेड्याचं आहे.

या सहारला १९८०च्या दशकात जे सामान उतरलं, तसं मुंबईने आधी पाहिलं नव्हतं. १९७३-७४मध्ये तेलाचे भाव भडकले आणि आखाती देशांत बांधकामांची लाट आली. गवंडी, सुतार, वेल्डर, फिटर, ड्रायव्हर, कारकून, परिचारिका. केरळचे सगळ्यांत जास्त, पण रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची कोकणी मुसलमान कुटुंबं, वसईची माणसं आणि घाटकोपर-कुर्ल्याच्या चाळींतले कामगारही त्यात होते. बायकामुलं नेण्याइतका पगार फार थोड्यांना. बाकी सगळे एकटे जात, एका खोलीत सहा-आठ जण राहत आणि दोन वर्षांच्या कराराने घरी येत.

करार संपत आला की खरी परीक्षा सुरू व्हायची. पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात. सौदीत तर देश सोडायलाही परवाना लागे. कामगारांच्या बोलण्यात त्याला ‘खुरूज’ म्हणत. सुट्टीवर जायचं असेल तर ‘रीएंट्री’, कायमचं जायचं असेल तर ‘फायनल एक्झिट’. हा शिक्का पडेपर्यंत तिकीट हातात असून नसल्यासारखं. त्यात नोकरीच्या शेवटी मिळणाऱ्या पैशांचा हिशेब. किती वर्षं, किती दिवस, किती सुट्ट्या कापल्या. त्या आठवड्यांत माणूस दिवसा कंपनीच्या कचेरीत खेटे घालायचा आणि रात्री बाजारात फिरायचा.

बाजार म्हणजे यादी. ती दोन वर्षांपासून जमत आलेली असायची, पत्रांतून आणि घरून आलेल्या ध्वनिफितींतून. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची घरं कॅसेटवर बोलत. त्यात धाकट्याची पहिली बडबड असे, आणि कोणाला काय हवं तेही असे. टू-इन-वन टेपरेकॉर्डर, मनगटी घड्याळं, टायगर बाम, अत्तरं, टॅल्कम पावडर, दुधाच्या भुकटीचे डबे, जाड फुलाफुलांची ब्लँकेटं, साड्यांची जॉर्जेट. १९८२मध्ये आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आलं आणि यादीत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर शिरले. हे सगळं पुठ्ठ्याच्या कार्टनमध्ये भरून, रुंद चिकटपट्टी लावून, वर नायलॉनची दोरी आवळून, जाड मार्करने नाव आणि ‘बॉम्बे’ लिहायचं. दोरीच्या गाठी खोलीतला सगळ्यात अनुभवी माणूस मारायचा. कार्टनचं वजन करायला कोणाचा तरी काटा उसना यायचा, आणि त्या काट्यावर दोन वर्षांचं काय घरी जाणार आणि काय खोलीत राहणार ते ठरायचं.

पुष्कळ जणांनी या सामानाची थट्टा केली आहे. सिनेमांत, गप्पांत गल्फहून आलेला माणूस भडक शर्ट आणि अत्तराचा वास एवढ्यावर आटोपला. हा अन्याय आहे. त्या कार्टनमध्ये स्वतःसाठी फार थोडं असायचं. एका माणसाने दोन वर्षं घराबाहेर काढली, मुलाचं चालायला लागणं पाहिलं नाही, बापाच्या तेराव्याला पोहोचला नाही. त्याची भरपाई तो ज्या एका मार्गाने करू शकत होता तो मार्ग पुठ्ठ्याचा होता. ज्याचं नाव यादीतून राहिलं त्याच्यासाठी विमानात बसण्याच्या आदल्या रात्री पुन्हा बाजारात धावणारी माणसं हौसेने धावत नव्हती.

सहारला विमानं बहुधा मध्यरात्री उतरायची. ट्रॉलीवर कार्टनची उतरंड, आणि समोर कस्टम्स. भारतात परदेशी वस्तूंवरचं शुल्क त्या काळी जबर. हिरव्या पट्टीतून सरळ निघून जायचं की लाल पट्टीत जाऊन कबुली द्यायची, हा निर्णय अनेकांनी परदेशातल्या त्या शेवटच्या आठवड्यांतच घोळवलेला असायचा. दोन वर्षं बाहेर राहून कायमचं परतणाऱ्याला ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची सवलत होती, वापरलेलं घरसामान शुल्काशिवाय किंवा कमी शुल्कात आणता येई. म्हणून नवा टीव्ही खोक्यातून काढून आठवडाभर खोलीत चालवून ‘जुना’ करणं, हेही परतीच्या तयारीतलं एक काम होऊन बसलं. शुल्क भरायला पैसे नसले की वस्तू तिथेच राहायची. सुटलेल्या वस्तूंपैकी काही घरी न जाता क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्याच्या बाजारात विकल्या जायच्या. त्या पैशातून कर्जाचा हप्ता फिटायचा.

सोन्याची कथा याहून कडक. १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला लगडी-बिस्किटं बाळगायलाच बंदी होती. दुबईच्या सोनेबाजारातून परतणाऱ्याच्या अंगावर जे दागिने असत त्यांचाही प्रत्येक वेळी जाब द्यावा लागे. कायदा १९९०मध्ये रद्द झाला आणि १९९२पासून परदेशात राहिलेल्या भारतीयाला शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली. सहारच्या आवारातल्या हवेत त्यानंतर फरक पडला असं त्या काळी ये-जा केलेली माणसं सांगतात. २०१६च्या नियमांत वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने शुल्काविना, पण किमतीची कमाल मर्यादा अनुक्रमे ५० हजार आणि एक लाख रुपये होती. ग्रॅम कागदावर तेवढेच राहिले, भाव चढत गेले, आणि लेकीच्या लग्नासाठी आणायची माळ दरवर्षी बारीक होत गेली.

मग १९९०चा ऑगस्ट आला.

२ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तिथे दीड लाखाहून जास्त भारतीय होते. त्यांतल्या अनेकांचे ते परदेशातले शेवटचे आठवडे ठरले, पण हे आठवडे कोणी निवडलेले नव्हते. बँका बंद. कुवेती दिनाराची किंमत नव्या सत्तेने इराकी दिनाराइतकी ठरवली, म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेली पुंजी एका फर्मानाने जवळजवळ पुसली गेली. दुकानांच्या फळ्या लागल्या. भारतीयांनी आपापसांत समित्या केल्या, अन्न वाटलं, शाळांच्या इमारतींत निवारे उभे केले. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदाद गाठून सद्दाम हुसेन यांची भेट घेतली आणि माणसं बाहेर काढायची वाट खुली झाली.

वाट अशी: कुवेतहून बसने बसरा, तिथून बगदाद, तिथून वाळवंट तुडवत जॉर्डनची सरहद्द. सरहद्दीवर तंबूंच्या छावण्या. दिवसा भाजून काढणारं ऊन, रात्री थंडी, पाण्यासाठी रांगा. पुढे अम्मान. आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान, मुंबईला. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं झाली आणि एक लाखाहून अधिक माणसं घरी आली. नागरी विमानांनी केलेली एवढी मोठी सुटका त्याआधी जगाने पाहिली नव्हती. तिचं दुसरं टोक अंधेरीच्या सहार गावठाणाला लागून होतं.

कार्टन नव्हती. ज्या पट्ट्यावर वर्षानुवर्षं दोरीने आवळलेली खोकी फिरली, त्यावर आता पिशव्या आल्या, काहींच्या हातात तेवढंही नाही. कोणाकडे पासपोर्टऐवजी तात्पुरता कागद. गावी जायला रेल्वेचं भाडं नाही. अनेकांना ज्या घराने कर्ज काढून पाठवलं होतं ते समोर उभं होतं आणि कर्ज अजून फिटलेलं नव्हतं. परतलेल्या माणसाला ‘काय आणलंस’ हे विचारायची पद्धत त्या दोन महिन्यांत कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक घरांतून आपोआप बंद झाली.

त्या गमावलेल्या सामानाचाही पुढे हिशेब झाला. संयुक्त राष्ट्रांनी १९९१मध्ये जिनिव्हाला एक नुकसानभरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून पैसे द्यायचं ठरवलं. कुवेत किंवा इराक सोडावं लागलेल्या एकट्या माणसाला ठरावीक रक्कम होती: अडीच हजार डॉलर, आणि इतर कुठलाही दावा करणार नसल्यास चार हजार. भारतातून दावे परराष्ट्र मंत्रालयामार्फत गेले. अर्ज भरताना माणसांनी पुन्हा याद्या केल्या. टीव्ही, फ्रिज, पलंग, शिवणयंत्र, न मिळालेला पगार. पूर्वी याद्या आणायच्या वस्तूंच्या होत्या, या मागे राहिलेल्या वस्तूंच्या होत्या. १९१७मध्ये टॉमस कुकने एका विद्यार्थ्याच्या बुडालेल्या पुस्तकांचे ६०० रुपये मोजले, त्यानंतर परतीच्या वाटेवर गेलेल्या सामानाची एवढ्या माणसांना, एवढ्या मोठ्या प्रमाणावर किंमत मिळाल्याचं हे ठळक उदाहरण. पैसे हातात पडायला मात्र वर्षं गेली.

त्यानंतरचा काळ वेगाने बदलला. १९९१च्या आर्थिक बदलांनंतर परदेशी वस्तू इथल्याच दुकानांत दिसू लागल्या आणि कार्टनचं कौतुक ओसरलं. मुलुंड-बोरिवलीच्या इमारतींतून मुलं-मुली संगणकाच्या कामासाठी किंवा शिकायला न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाला जाऊ लागली. परतताना त्यांच्या बॅगेत चॉकलेटं आणि आईसाठी एखादं रक्तदाब मोजायचं यंत्र असे. २०१४च्या फेब्रुवारीत सहारला नवं टी-टू टर्मिनल वापरात आलं, त्याच जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली. घाटकोपरच्या माणसाला विमानतळाची वाट पहिल्यांदाच अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या कोंडीतून सुटून मिळाली.

एका धंद्यात मात्र परतीची घालमेल जुनीच राहिली: जहाजावरच्या माणसाच्या. खलाशी असो की अधिकारी, तो एकटाच जातो आणि एकटाच येतो. त्याच्या भाषेत परतीला ‘साइन ऑफ’ म्हणतात आणि ती त्याच्या हातात नसते. त्याच्या जागी येणारा रिलीव्हर ठरलेल्या बंदरात चढला, तरच हा उतरणार. सलग किती काळ जहाजावर ठेवता येईल यावर आंतरराष्ट्रीय करार आहे. बारा महिन्यांच्या आत माणसाला घरी पाठवलंच पाहिजे. या सगळ्याचा कारभार पाहणारं नौवहन महासंचालनालय आज कांजूरमार्गला आहे, घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्ये.

२०२०च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे विमानं थांबली, बंदरं बंद झाली आणि रिलीव्हर यायचे थांबले. ज्यांचे शेवटचे दोन आठवडे उरले होते त्यांचे दोन महिने झाले, काहींचे सहा. पेटी भरून ठेवलेली, तिच्यातून रोज कपडे काढायचे आणि धुऊन परत ठेवायचे. वर्षाच्या उत्तरार्धात जगभर सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. ‘मरेला डिस्कव्हरी’ हे प्रवासी जहाज एप्रिलमध्ये मुंबईसमोर येऊन थांबलं. त्यावरच्या सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांना किनारा दिसत होता आणि उतरता येत नव्हतं. कांजूरमार्गच्या कचेरीने खलाशांच्या चढण्या-उतरण्याचे नियम ठरवून दिल्यावर २३ एप्रिलला ते उतरले.

७ मेपासून परदेशात अडकलेल्यांना आणणारी ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली. लंडन, आखात, अमेरिका, सिंगापूर. सहारला उतरलेल्या प्रवाशाला घरी जाता येत नव्हतं. सुरुवातीला चौदा दिवस, पुढे सात दिवस हॉटेलात वेगळं राहायचं आणि मगच घरचा उंबरा. त्यासाठी घेतलेली कित्येक हॉटेलं विमानतळाच्या आसपास, अंधेरी पूर्वेलाच. बोरिवलीचा, मुलुंडचा, घाटकोपरचा माणूस हजारो मैल येऊन अंधेरीच्या एका खोलीत थांबला, घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर. दारात ठेवलेला डबा आत घ्यायचा, बॅग उघडायची नाही, कारण घरी गेल्यावर ती आधी गॅलरीत उन्हात ठेवायला सांगितलेली. घरची माणसं हॉटेलखालच्या रस्त्यावर येऊन उभी राहायची, फोन कानाला लावून वर पाहायची, आणि कितव्या मजल्यावरची कुठली खिडकी ते आतून पडदा हलवून दाखवावं लागायचं.